रिमोट टेक कंपनीत रुजू होण्याआधी तिथलं वातावरण कसं ओळखाल?

ऑफिसात गेलं की कंपनी कशी आहे हे कळायला फार दिवस लागत नाहीत. साहेब दालनातून बाहेर आले की माणसं गप्प होतात का, संध्याकाळी पहिला कोण उठतो आणि बाकीचे त्याच्याकडे कसं बघतात, नव्या माणसाला कुणी आपणहून जागा दाखवतं का, हे सगळं डोळ्यांसमोर असतं. रिमोट कंपनीत यातलं काहीच दिसत नाही. मुलाखत घेणारे सगळे हसतमुख असतात, वेबसाइटवरची मूल्यं सगळ्या कंपन्यांची सारखीच असतात. मग रुजू झाल्यावर काही आठवड्यांनी कळतं की महत्त्वाचे निर्णय तुम्ही नसलेल्या कुठल्या तरी कॉलवर होतात, आणि रात्री आलेल्या मेसेजला सकाळपर्यंत उत्तर दिलं नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात राहतं.

एकाहून जास्त रिमोट कंपन्यांत काम केल्यावर आणि नव्या सहकाऱ्यांना रुळताना पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. अशा कंपनीचं वातावरण बाहेरूनही बऱ्यापैकी तपासता येतं, फक्त विशेषणांवर समाधान मानायचं नाही. ‘आमच्याकडे मोकळेपणा आहे’ असं कुणी म्हणालं की ‘शेवटचं उदाहरण सांगाल का?’ असं विचारायचं. खाली दिलेल्या पायऱ्या मी स्वतः याच क्रमाने वापरते.

सुरुवातीला जवळ ठेवायच्या गोष्टी

- एक साधी स्प्रेडशीट: तारीख, कुणी सांगितलं, कोणत्या विभागातलं, नेमकं काय घडलं
- टाइमझोन दाखवणारं घड्याळ किंवा कॅलेंडर
- मुलाखतीचे प्रश्न लिहिलेला कागद
- ऑफर लेटर, करार आणि पगाराच्या तपशिलासाठी कंपनीच्या लॅपटॉपबाहेरचा फोल्डर

## १. कंपनी कोणत्या प्रकारची रिमोट आहे ते आधी विचारा

रिमोट म्हणवणाऱ्या कंपन्यांचे ढोबळ तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात सगळेच आपापल्या जागेवरून काम करतात. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी याचं सर्वांत माहितीतलं उदाहरण. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी ऑटोमॅटिक २००५ पासून विखुरलेलीच आहे. तिचं सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मोठं ऑफिस होतं, पण तिथे फारसं कुणी येईना म्हणून २०१७ मध्ये तेही बंद केलं. दुसऱ्या प्रकारात मुख्य ऑफिस असतं आणि काही लोक बाहेरून काम करतात. तिसऱ्या प्रकारात रिमोट ही सध्यापुरती दिलेली सवलत असते.

नव्या माणसाची खरी फरफट दुसऱ्या प्रकारात होते. अर्धी टीम एका खोलीत आणि अर्धी स्क्रीनवर असली की निर्णय खोलीतच होतो. कॉल संपल्यावर खोलीतल्यांचं बोलणं चालूच राहतं, आणि ते स्क्रीनवरच्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून एक प्रश्न नक्की विचारा: कंपनीचे प्रमुख आणि तुमच्या मॅनेजरचे मॅनेजर रोज कुठून काम करतात? ते सगळे एकाच इमारतीत बसत असतील तर जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, तुम्हाला बातमी सर्वांत शेवटी कळणार हे गृहीत धरा.

तिसऱ्या प्रकारातला धोका वेगळा आहे. धोरण एका ईमेलने पालटू शकतं. याहूने २०१३ मध्ये घरून काम करणाऱ्यांना ऑफिसात बोलावलं. वर्षानुवर्षं रिमोट कामाचा पुरस्कार करणाऱ्या आयबीएमने २०१७ मध्ये अनेकांना परत यायला सांगितलं. २०२३ मध्ये तर खुद्द झूमने ऑफिसपासून ५० मैलांच्या आत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस हजर राहायला सांगितलं. तेव्हा ‘आम्ही रिमोट आहोत’ या बोलण्यावर घर बदलू नका. कामाचं ठिकाण करारात कसं नोंदवलं आहे ते सहाव्या पायरीत पाहू.

## २. कर्मचाऱ्यांचे अनुभव वाचा, पण तारखा लावून

ग्लासडोर किंवा ब्लाइंडसारख्या ठिकाणी लोक कंपनीबद्दल नाव न देता लिहितात. बहुतेक जण सरासरी तारे बघतात आणि थांबतात. त्या आकड्यात चार वर्षांपूर्वीची कंपनी आणि आजची कंपनी, इंजिनिअर आणि सपोर्ट टीम, सगळं एकत्र मिसळलेलं असतं. त्यातून तुमच्या कामाचं फार थोडं हाती लागतं.

त्याऐवजी अनुभव तारखेप्रमाणे लावा. कोणत्या महिन्यापासून सूर बदलला? त्या सुमारास लेऑफ झाला होता का, कंपनी विकली गेली होती का, नवे प्रमुख आले होते का? सूर बदलण्याचं कारण सापडलं की बाकीचे अनुभव आपोआप उलगडतात. मग विभागाप्रमाणे वेगळे करा. एकाच कंपनीत इंजिनिअरला आठवड्यात दोन मीटिंग असतात, आणि सपोर्टमधल्या माणसाला शिफ्ट, तिकिटांचं (ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारींचं) टार्गेट आणि दर मिनिटाचा हिशेब असतो. दोघंही खरंच सांगत असतात. तुम्हाला ज्या विभागात जायचं आहे तिथलंच ऐका.

काही खुणा मी नेहमी बघते. एकाच आठवड्यात पाच-पाच तारे देणारे, दोन ओळींचे, एकाच धाटणीचे बरेच अनुभव आले असतील तर एचआरने लिहायला सांगितलं असण्याची शक्यता मोठी. लेऑफनंतरच्या चिडलेल्या लिखाणातला राग बाजूला ठेवा, पण घटना टिपून घ्या: किती दिवसांची नोटीस मिळाली, कुणी सांगितलं, वैयक्तिक बोलणं झालं की शंभर जणांच्या कॉलवर कळलं. आणि सगळं कौतुक ‘माणसं फार चांगली आहेत’ इथेच थांबत असेल, कामाच्या पद्धतीबद्दल, बढतीबद्दल किंवा निर्णयांबद्दल कुणीच चांगलं बोलत नसेल, तर ती गोष्ट गंभीरपणे घ्या. चांगली माणसं वाईट व्यवस्थेत बराच काळ तग धरतात, आणि नवीन येणाऱ्याला ती व्यवस्था दिसत नाही.

कंपनी या अनुभवांना उत्तर कसं देते तेही वाचा. प्रत्येकाखाली तेच छापील धन्यवाद आहेत, की एखाद्या तक्रारीवर काय बदललं ते सांगितलं आहे?

## ३. हँडबुक मागा आणि त्याचा इतिहास पाहा

जिथे माणसं भेटत नाहीत तिथे लिहिलेलं तेवढंच टिकतं. म्हणून चांगल्या रिमोट कंपन्या कामाची पद्धत लिहून ठेवतात. गिटलॅबचं हँडबुक दोन हजारांहून जास्त पानांचं आहे आणि कुणालाही वाचता येतं. त्यातला बदलही मर्ज रिक्वेस्टने, म्हणजे नोंद राहील अशा लेखी प्रस्तावाने होतो, त्यामुळे कोणता नियम कधी बदलला ते शोधता येतं. बफर या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांचे पगार सूत्रासकट जाहीर केले. तुमची कंपनी त्यांच्यासारखी असायला हवी असं नाही, पण लिहून ठेवणं म्हणजे काय ते कळण्यासाठी ही पानं अर्धा तास चाळा.

बहुतेक कंपन्यांचं हँडबुक बाहेर उघडं नसतं. मग एचआरकडे तीनच पानं मागा: रजा, ऑन-कॉल (कामाच्या वेळेबाहेर अडचण आली तर हजर राहण्याची पाळी) आणि बढती. द्यायला त्यांना अडचण नसावी. पानावर शेवटचा बदल कधी झाला ते बघा. दोन वर्षं कुणी हात लावलेला नसेल तर खरा नियम दुसरीकडेच कुठे तरी, बहुधा कुणाच्या तरी डोक्यात आहे.

‘अमर्याद रजा’ दिसली तर हुरळून जाऊ नका. किती घ्यायची ते ठरलेलं नसलं की लोक मॅनेजरकडे बघून ठरवतात, आणि न घेतलेल्या रजेचे पैसे नोकरी सोडताना अनेकदा मिळत नाहीत, कारण जमा झालेली रजाच नसते. किमान किती दिवस घ्यावीच लागते आणि तुमच्या होणाऱ्या मॅनेजरने गेल्या वर्षी किती घेतली, हे दोन प्रश्न पुरतात.

पण लिहिलेल्या पानांनाही मर्यादा आहे. बेसकॅम्प (आता ३७सिग्नल्स) ही रिमोट कामावर पुस्तकं लिहिणारी, हँडबुक उघडं ठेवणारी कंपनी. एप्रिल २०२१ मध्ये तिच्या प्रमुखांनी कंपनीच्या कामाच्या खात्यावर समाजकारण आणि राजकारणाच्या चर्चा बंद केल्याचं जाहीर केलं, काही समित्याही बरखास्त केल्या, आणि पटत नसेल त्यांना पैसे घेऊन बाहेर पडण्याचा पर्याय दिला. थोड्याच दिवसांत सुमारे एक तृतीयांश लोक गेले. निर्णय बरोबर होता की चूक यावर आजही दोन मतं आहेत. आपल्यासाठी त्यातलं कामाचं एवढंच: हँडबुक रोजचा दिवस कसा जातो ते सांगतं, मतभेद झाल्यावर वरचे लोक काय करतात ते सांगत नाही. ते मुलाखतीत काढून घ्यावं लागतं.

## ४. मुलाखतीत उदाहरणं मागा

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते, आणि नवखे लोक ही संधी ‘नाही, मला काही विचारायचं नाही’ म्हणून सोडून देतात. प्रश्न विचारल्याने ऑफर जात नाही. जात असेल तर तेही उत्तरच आहे.

‘गेल्या महिन्यातला एखादा मोठा निर्णय कसा झाला?’ उत्तरात एखादं डॉक्युमेंट, त्यावरच्या कमेंट, ठरलेली मुदत आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव आलं तर उत्तम. ‘आम्ही सगळे मिळून ठरवतो’ एवढंच आलं तर पुढचा प्रश्न विचारा: दोघांचं पटलं नाही तेव्हा कोणाचं चाललं? इथे समोरचा अडखळला तर लक्षात ठेवा.

‘मी संध्याकाळी लॅपटॉप बंद केल्यावर तातडीचं काही आलं तर काय होतं?’ ऑन-कॉलची पाळी, ती किती आठवड्यांनी येते, रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी सुटका मिळते का आणि वेगळे पैसे मिळतात का, हे ठरलेलं असायला हवं. ‘आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो’ याचा अर्थ पाळी ठरलेली नाही असा होतो.

‘टीममधले लोक कोणत्या टाइमझोनमध्ये आहेत, आणि गैरसोयीची वेळ कोण सोसतं?’ काही कंपन्यांत रात्रीची मीटिंग आळीपाळीने सगळ्यांकडे फिरते. काहींत मुख्यालयाची सकाळ कायम सोयीची असते आणि बाकीच्यांनी जागं राहायचं असतं. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळं तासाभराने सरकतात आणि तुमच्याकडे सरकत नसतील तर मीटिंगची वेळही तेव्हा बदलते. सहा महिने ठीक वाटलेली वेळ एकदम जेवणाच्या किंवा झोपेच्या वेळेवर येते.

‘या टीममध्ये शेवटची बढती कुणाला मिळाली, आणि ती व्यक्ती कुठून काम करते?’ दुसऱ्या प्रकारच्या कंपनीत हा प्रश्न सोन्याच्या मोलाचा. बढत्या सगळ्या ऑफिसातल्यांना मिळत असतील तर तुमची वाट कुठे संपते ते तुम्हाला समजलं.

‘ही जागा का रिकामी झाली?’ आधीचा माणूस किती काळ होता, तो कंपनीतच दुसरीकडे गेला की बाहेर पडला. शक्य असेल तर हाच प्रश्न दोन वेगळ्या मुलाखतकारांना विचारा आणि उत्तरं जुळतात का बघा.

उत्तरांइतकंच मुलाखतीच्या सगळ्या कारभाराकडेही लक्ष द्या. वेळ ठरवताना तुमचा टाइमझोन कुणी विचारला का? दोन फेऱ्यांमधल्या लोकांनी एकमेकांची टिपणं वाचलेली होती, की तुम्हाला तीच ओळख तीनदा करून द्यावी लागली? उशीर झाला तेव्हा कुणी कळवलं का? लिहून कळवण्याची सवय नसलेली कंपनी उमेदवारालाही लिहून कळवत नाही. रुजू झाल्यावर ती सवय अचानक लागत नाही.

## ५. चाचणीचं काम आणि आतल्या माणसांशी बोलणं

काही कंपन्या मुलाखतीऐवजी थोडं खरं काम देतात. ऑटोमॅटिक उमेदवारांना पैसे देऊन असं चाचणीचं काम देण्यासाठी ओळखली जाते. असं काम मिळालं तर जरूर घ्या, कारण त्यांना तुम्ही दिसता तेवढेच ते तुम्हाला दिसतात: प्रश्न विचारल्यावर किती वेळाने उत्तर येतं, चूक दाखवताना भाषा कशी असते. मात्र कित्येक दिवसांचं काम फुकट मागितलं तर सरळ विचारा, याचा मोबदला काय आणि हा कोड कुठे वापरणार?

मग त्याच विभागात काम करणाऱ्या एकाशी आणि वर्षभराच्या आत सोडून गेलेल्या एकाशी बोला. लिंक्डइनवर असे लोक सापडतात. मेसेज छोटा ठेवा: मी या टीममध्ये येण्याचा विचार करतेय, पंधरा मिनिटं बोलू शकाल का, तुमचं नाव कुठे येणार नाही. ‘कंपनी कशी आहे?’ असं विचारू नका, कारण कुणीही लेखी वाईट बोलणार नाही. ‘सोमवारी सकाळपासून तुमचा दिवस कसा जायचा?’ असं विचारा आणि ऐकत राहा. सोडून गेलेल्याने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्याची एकही गोष्ट मुलाखतीत उच्चारू नका. टीम लहान असते, कुणी सांगितलं ते लगेच ओळखतात.

## ६. ऑफर लेटर आलं की हे तपासा

- तुम्ही कर्मचारी की कंत्राटदार? कंत्राटदार असाल तर रजा, विमा, नोटीस आणि कर यांची जबाबदारी बहुधा तुमचीच. पूर्ण वेळ काम, ठरलेले तास आणि एकच मालक असूनही कंत्राट पुढे केलं तर कारण विचारा.
- कागदावर मालक कोण? कंपनीची तुमच्या देशात नोंदणी नसेल तर डील, रिमोट (हे कंपनीचंच नाव) किंवा ऑयस्टर यांसारख्या मध्यस्थ कंपनीमार्फत नोकरी मिळते. पगारपत्रकावर त्यांचं नाव असेल. तक्रार कुणाकडे करायची आणि नोटीस कोण देणार ते लेखी घ्या.
- कामाचं ठिकाण: रिमोट कायमचं आहे असा उल्लेख आहे का? तुम्ही गाव किंवा देश बदलला तर पगार बदलतो का? काही कंपन्या पगार राहत्या ठिकाणाप्रमाणे ठरवतात.
- ओव्हरलॅपचे तास: रोज किती तास टीमबरोबर ऑनलाइन असणं बंधनकारक आहे.
- देखरेख: हबस्टाफ किंवा टाइम डॉक्टरसारखी सॉफ्टवेअरं ठरावीक अंतराने स्क्रीनशॉट घेऊ शकतात. ती वापरतात का हे सही करण्याआधी विचारा, लॅपटॉप आल्यावर नाही.
- शेअर ऑप्शन (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क): नोकरी सोडल्यावर ते विकत घ्यायला किती दिवस मिळतात. बऱ्याच कंपन्यांत ९० दिवसच असतात.
- बौद्धिक संपदा: फावल्या वेळात, स्वतःच्या मशीनवर केलेल्या कामावरही कंपनी हक्क सांगते का.

तोंडी मिळालेलं प्रत्येक आश्वासन ईमेलमध्ये परत लिहा: ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे...’ आणि त्यावर होकार येईपर्यंत सही करू नका. रिमोट नोकरीत याइतका उपयोगी शिरस्ता दुसरा नाही.

## ७. पहिले तीन महिने

पहिल्या आठवड्यात लॅपटॉप, अ‍ॅक्सेस आणि ओळखीचे कॉल यातच वेळ जातो. त्याची काळजी नको. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र तीन गोष्टी करा.

एक, मॅनेजरकडून लिहून घ्या की ३०, ६० आणि ९० दिवसांनी तुमच्याकडून काय अपेक्षित आहे. ऑफिसात मॅनेजरला तुम्ही धडपडताना दिसता, इथे फक्त निकाल दिसतो. अपेक्षा लिहिलेली नसेल तर निकालाला मोजमापच राहत नाही.

दोन, प्रश्न खासगी मेसेजमध्ये न विचारता टीमच्या चॅनेलवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या चॅटवर विचारा. नव्या माणसाला संकोच वाटतो, म्हणून तो एकाच ओळखीच्या सहकाऱ्याला गाठतो आणि दिवसभर त्याच्यावर विसंबून राहतो. उघड्यावर विचारलं की उत्तर लवकर येतं, पुढच्या नवख्यालाही सापडतं, आणि तुम्ही काय करताय ते टीमला कळतं. याच वेळी वातावरणही कळतं. साध्या प्रश्नाला टोमणा आला, किंवा सगळे ते वाचून गप्प राहिले आणि नंतर एकेकाने खासगीत उत्तर दिलं, तर त्या चॅनेलवर लोक बोलायला घाबरतात.

तीन, आठवड्याच्या शेवटी पाच-सहा ओळींत लिहा: काय झालं, कुठे अडलं, पुढे काय. मॅनेजरने मागितलं नसलं तरी पाठवा. वर्षाच्या मूल्यमापनाला हीच टिपणं हाताशी येतात, आणि मॅनेजर मध्येच बदलला, जे रिमोट कंपनीत वारंवार होतं, तर नव्याला तुमचं काम शून्यापासून सांगावं लागत नाही.

नेहमीचा सापळा म्हणजे चॅटमध्ये आपण ऑनलाइन आहोत हे दाखवणारा हिरवा ठिपका. आपण काम करतोय हे दिसावं म्हणून लोक मध्यरात्रीपर्यंत स्लॅकवर (कामाच्या चॅट अ‍ॅपवर) हजर राहतात आणि प्रत्येक मेसेजला मिनिटभरात उत्तर देतात. पहिल्या महिन्यात लावलेली ही सवय मग टीम गृहीत धरते आणि ती सोडणं फार जड जातं. तुमचे तास प्रोफाइलवर लिहा, कॅलेंडरमध्ये दाखवा, आणि पहिल्या दिवसापासून पाळा. मी काम केलेल्या एका कंपनीत हे करणाऱ्या सहकाऱ्याला कुणी कधी काही म्हणालं नाही. बाकीचे मात्र वर्षभर रात्री जागत राहिले, कारण कुणी सांगितलं नव्हतं तरी सगळ्यांना तसंच वाटत होतं.

एकटेपणाबद्दल थोडक्यात: तो येतो, बऱ्याच जणांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. ‘मलाच जमत नाही’ असं तेव्हा वाटायला लागतं. कामाखेरीज आठवड्यातून एक कॉल, ज्याला अजेंडा नाही, असा कुणाबरोबर तरी ठरवून टाका.

## ८. बिघडत असेल तर

मॅनेजरबरोबरची दोघांचीच ठरलेली भेट (वन-ऑन-वन) सलग रद्द होत असेल, तुमच्या कामाचे निर्णय तुम्हाला चॅनेलवर वाचून कळत असतील, ओळखीची नावं यादीतून न सांगता गायब होत असतील, तर तारखेसह नोंदी ठेवायला लागा. आधी मॅनेजरशी बोला, मग बोललेलं ईमेलने कळवा. स्लॅकवर कुणाबद्दल मन मोकळं करू नका. खासगी मेसेजही ठरावीक परिस्थितीत कंपनीला मिळवता येतात.

आणि हे आजच करा, सगळं सुरळीत असलं तरी. रिमोट कंपनीत नोकरी जाते तेव्हा अनेकदा कॉल संपायच्या आत लॅपटॉप लॉक झालेला असतो. त्यानंतर स्वतःचीच कागदपत्रं मागायला ईमेल उरत नाही. ऑफर लेटर, करार, पगारपत्रकं, शेअर ऑप्शनचे कागद, रजेची शिल्लक आणि मूल्यमापनाच्या तुम्हाला मिळालेल्या प्रती स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. कंपनीचा कोड, ग्राहकांची माहिती आणि आतली डॉक्युमेंट्स मात्र त्यात घेऊ नका, त्यावरून कायदेशीर कारवाई होऊ शकते. दोन-चार सहकाऱ्यांचे वैयक्तिक नंबरही घेऊन ठेवा.